संशयित आधीच ठरलेला असतो

१ जुलै २०१८ला रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. मुख्यतः सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातली पाच माणसं त्या दिवशी तिथे आली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हे या समाजातल्या अनेकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला, आणि मुलं पळवणारी टोळी आली अशी बोंब उठली. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच त्यांना मरेपर्यंत मारलं.

त्या उन्हाळ्यात देशभर मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. सगळ्यात जास्त फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसतात. ही चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेची जाहिरात होती. मूळ जाहिरातीच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि ‘मुलांकडे लक्ष ठेवा’ अशा अर्थाचा फलक दाखवतात. शेवटचा तेवढा भाग कुणीतरी कापला होता. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

पण व्हॉट्सॲपने आणून पोचवली ती भीती. आठवडी बाजारात बाहेरगावचे विक्रेते असतात, टेम्पोवाले असतात, पाहुणे असतात. मग संशय भिक्षेकऱ्यांवरच का गेला? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, मारणाऱ्यांच्या मनात त्या घटकेला काय होतं? आपण क्रूरपणा करतो आहोत असं त्यांतल्या फार थोड्यांना वाटलं असेल. ते आपली मुलं वाचवत होते. संशय कुणावर घ्यायचा हे मनाच्या विचार करण्याच्या सवयी ठरवतात, आणि त्या संशयावर हात उगारायची मुभा माणसाला त्याची नीतीची जाणीव देते. गटागटांतल्या पूर्वग्रहांवर गेल्या शंभरएक वर्षांत जे संशोधन झालं, त्यातून हे दुहेरी काम पुन:पुन्हा समोर येतं. त्यातलं बरंचसं महत्त्वाचं संशोधन भारतात झालेलं आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

सुरुवात बिहारपासून करता येईल. १५ जानेवारी १९३४ला तिथे प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि १९३५मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. ज्या भागात धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, तिथेही येऊ घातलेल्या आणखी मोठ्या संकटांच्या अफवा जोरात होत्या. घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? वीसएक वर्षांनी अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाच्या हाती हा लेख पडला आणि त्याला त्यात एक उलटी वाट दिसली. भीती आधीच मनात असते. तिला शोभेल असं कारण मन नंतर शोधतं. धरणी हलल्यामुळे माणसं हादरलेली होती, पण डोळ्यांपुढे नुकसान नव्हतं, म्हणून अफवेने ती जागा भरली. फेस्टिंगरच्या पुढे गाजलेल्या सिद्धान्ताची एक सुरुवात या बिहारच्या अफवांत आहे.

भीतीला कारण हवं असतं तसा चेहराही हवा असतो. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७मध्ये अफवांवर पुस्तक लिहिलं. त्यातल्या एका प्रयोगात भुयारी रेल्वेच्या डब्याचं चित्र होतं: एक गोरा माणूस हातात वस्तरा घेऊन एका कृष्णवर्णीयाशी बोलतो आहे. पहिल्याने चित्र पाहून दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. अशा साखळ्यांपैकी निम्म्याहून अधिक साखळ्यांत कुठे ना कुठे तो वस्तरा गोऱ्याच्या हातातून निघून कृष्णवर्णीयाच्या हातात गेला. कुणी ठरवून खोटं बोलत नव्हतं. ऐकणाऱ्याने आपल्या मनात जे आधीपासून होतं त्यानुसार चित्र दुरुस्त करून घेतलं, एवढंच.

ही ‘दुरुस्ती’ कुठून येते, याचा ध्यास घेतलेल्यांत हेन्री ताजफेल हे नाव मोठं आहे. १९१९मध्ये पोलंडमधल्या एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा तरुण शिक्षणासाठी फ्रान्सला गेला, दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच सैन्यात भरती झाला आणि जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैदी म्हणून तो जगला, कारण त्याची नोंद फ्रेंच नागरिक अशी होती. तो पोलंडचा ज्यू आहे हे उघड झालं असतं, तर पहारेकऱ्यांशी त्याचं कितीही चांगलं जमत असतं तरी त्याचं मरण ठरलेलं होतं. युद्ध संपल्यावर तो परतला तेव्हा घरची बहुतेक माणसं मारली गेली होती. माणसाचा स्वभाव, त्याचं वागणं, त्याच्याशी असलेली ओळख हे सगळं एका शिक्क्यापुढे शून्य कसं ठरतं, हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर सोडला नाही.

१९६३मध्ये त्याने सहकारी विल्क्स यांच्यासोबत केलेला प्रयोग दिसायला अगदी साधा आहे. लोकांना आठ रेघा दाखवायच्या आणि लांबी ओळखायला सांगायची. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा सारख्याच प्रमाणात मोठी. नुसत्या रेघा दाखवल्या तेव्हा अंदाज बऱ्यापैकी बरोबर आले. मग चार लहान रेघांवर ‘ए’ आणि चार मोठ्यांवर ‘बी’ असं लिहिलं. आता ‘ए’मधली सगळ्यात लांब रेघ आणि ‘बी’मधली सगळ्यात आखूड रेघ यांच्यातलं अंतर लोकांना होतं त्याहून बरंच जास्त दिसू लागलं. रेघांना ना जात असते ना धर्म. तरीही नाव चिकटलं की मन दोन गटांमधली दरी रुंद करतं.

पुढे ब्रिस्टलमध्ये त्याने शाळकरी मुलांना घेऊन त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. पौगंडावस्थेतल्या मुलांना पडद्यावरचे ठिपके मोजायला लावलं, किंवा पॉल क्ली आणि वासिली कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कुणाची चित्रं आवडली ते विचारलं, आणि त्या निमित्ताने त्यांचे दोन गट पाडले. आपल्या गटात कोण आहे हे कुणालाच कळत नव्हतं, एकमेकांशी बोलणं नव्हतं, जुनं भांडण नव्हतं. मग प्रत्येकाला इतर मुलांमध्ये थोडे पैसे वाटायला सांगितलं. स्वतःला काही घेता येत नव्हतं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, हे एक वेळ समजू शकतं. पण दोन्ही गटांना भरपूर मिळतील असा पर्याय समोर असतानाही कित्येकांनी आपल्या गटाला कमी मिळतील तो पर्याय उचलला, कारण त्यात समोरच्या गटापेक्षा आपण पुढे राहत होतो. आपलं कमी झालं तरी चालेल, फरक दिसला पाहिजे. हे संशोधन १९७०-७१मध्ये प्रसिद्ध झालं. शत्रुत्वाला फार मोठा इतिहास लागतो असं ज्यांना वाटत होतं, त्यांना त्याने हादरा दिला.

इतिहास असला तर काय होतं, याची भटक्या-विमुक्तांइतकी ठसठशीत साक्ष दुसरी नाही. ब्रिटिशांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच गुन्हेगार ठरणाऱ्या जमातींची यादी करायला सुरुवात केली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, काहींना तर कुंपणाच्या वसाहतींत डांबलेलं. सोलापुरातला अशा वसाहतीचा भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला, आणि पाठोपाठ मुंबई राज्यात १९५९मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा आला. कागदावरून जमातीचं नाव गेलं, चौकीतल्या डोक्यांतून गेलं नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने हे वास्तव मराठी वाचकांच्या घरात आणून ठेवलं, त्यालाही आता चार दशकं होत आली. डवरी गोसावी हे त्या अर्थाने विमुक्त नाहीत, राज्याच्या यादीत ते भटक्या जमातींत येतात. पण पालावर राहणारा, गावाचा पत्ता नसलेला, वेगळ्या पोशाखातला माणूस दिसला की गावाच्या नजरेत हा फरक उरत नाही.

इथे मनाची आणखी एक खोड कामाला येते. १९७६मध्ये डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी लोकांना दोन गटांविषयी एकूण ३९ छोटी वाक्यं वाचायला दिली. पहिल्या गटाविषयी २६ वाक्यं, त्यांत १८ चांगल्या वागणुकीची आणि ८ वाईट. दुसऱ्या गटाविषयी १३ वाक्यं, त्यांत ९ चांगली आणि ४ वाईट. प्रमाण दोन्हीकडे तंतोतंत सारखं. तरीही वाचणाऱ्यांना दुसरा, लहान गट जास्त वाईट वागतो असं वाटलं. लहान गटाची माणसं कमी वेळा भेटतात म्हणून लक्षात राहतात. वाईट वागणं चांगल्यापेक्षा विरळ असतं म्हणून तेही लक्षात राहतं. ही दोन्ही एकत्र आली की त्यांची गाठ मनात पक्की बसते. शितावरून भाताची परीक्षा करायची म्हटलं तर शीत निदान ढवळलेल्या भांड्यातलं हवं. इथे मन नेमकं करपलेलं शीत उचलून आणतं. पारधी वस्तीतल्या एकाला चोरीत अटक झाली की बातमीत ‘पारधी’ हा शब्द येतो. सवर्ण वस्तीतल्या चोराच्या बातमीत त्याची जात येत नाही. वाचणाऱ्याच्या मनात हिशेब कुठला साठत जातो, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही.

हा हिशेब बदलणारी माणसंही भेटतात. कष्ट करणारा पारधी भेटतो, शिकलेली पारधी मुलगी भेटते. मग आधीचं मत का ढळत नाही? याचं उत्तर मिळालं तेही भारतातच. डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी यांनी १९७४मध्ये दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांना काही प्रसंग सांगितले: कुणी दुकानदार तुमच्याशी उदारपणे वागला, किंवा त्याने फसवलं, कुणी अडचणीत मदत केली, किंवा तोंड फिरवलं. काही प्रसंगांत तो माणूस हिंदू होता, काहींत मुसलमान. तो तसा का वागला, एवढंच विचारलं. हिंदू चांगला वागला तर तो मुळात चांगला, वाईट वागला तर परिस्थितीने भाग पाडलं असेल. मुसलमानाच्या बाबतीत नेमकं उलटं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू यांनी १९७९मध्ये या प्रकाराची सविस्तर मांडणी केली, ती करताना या भारतीय प्रयोगाचा आधार घेतला. यात भेटलेला प्रत्येक चांगला माणूस ‘अपवाद’ म्हणून बाजूला पडतो, आणि प्रत्येक वाईट माणूस पुरावा होतो. हे फक्त हिंदूंचं किंवा फक्त भारतीयांचं नाही. जिथे जिथे गट तपासले गेले तिथे कमीअधिक प्रमाणात हे सापडलं आहे.

एप्रिल २०२०मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने ठार मारलं. तिथेही आधी चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. बातमी बाहेर आल्यावर काही तासांत समाजमाध्यमांवर मारणाऱ्यांचा धर्म ठरवून टाकला गेला. अखेर त्या वेळचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली आणि त्यात एकही मुसलमान नाही हे सांगावं लागलं. अफवेने तीन जीव घेतले, आणि त्या मरणावर दुसरी अफवा उभी राहिली.

राईनपाड्याच्या आदिवासी गावकऱ्यांबद्दल शहरात जे बोललं गेलं, त्यातही हीच खोड होती. ‘ते लोक असेच’, ‘शिक्षण नाही ना’. जमावाला जसा भिक्षेकरी दिसला, तसाच शहराला आदिवासी दिसला. आपल्या सोसायटीत मुलं पळवणाऱ्यांचा तोच संदेश पुढे पाठवणारे शिकलेले लोक मात्र ‘काळजीपोटी’ तसं करत होते.

इथवर झाली ती मनाच्या आकलनाची बाजू. ती महत्त्वाची आहे, पण तिच्यावरच थांबलं तर पूर्वग्रह म्हणजे चष्म्याचा नंबर चुकल्यासारखी गोष्ट वाटू लागते. तसं असतं तर माहिती देऊन तो सुटला असता. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार आधी ओळखलं होतं. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळाने रद्द केल्यावर १९३६मध्ये स्वतःच छापलेलं त्यांचं भाषण जगभर वाचलं जातं. त्यातला एक मुद्दा मानसशास्त्राच्या आजच्या चर्चेतही ताजा वाटतो. त्यांचं म्हणणं असं की, हिंदू माणूस जात पाळतो तो अमानुष आहे म्हणून नाही. तो धार्मिक आहे, जात पाळणं त्याला कर्तव्य वाटतं, म्हणून पाळतो. विटांची भिंत पाडता येते. जात ही मनाची अवस्था आहे, आणि तिला पावित्र्य चिकटलेलं आहे. सहभोजनं, आंतरजातीय लग्नं यांना लोक विरोध करतात, कारण ज्याला ते धर्म मानतात त्याच्याविरुद्ध वागायला त्यांना सांगितलं जातं.

महाडला हेच प्रत्यक्ष घडलं होतं. २० मार्च १९२७ला आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या हजारो माणसांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, आणि पुढे सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. जनावरं त्याच तळ्यावर पाणी पीत होती; त्याने तळं विटाळत नव्हतं. शुद्धी करणाऱ्यांना आपण कुणाचा अपमान करतो आहोत याची जाणीव असेल किंवा नसेल, पण आपण एक पवित्र काम करतो आहोत ही खात्री नक्की होती. सार्वजनिक तळ्यावर सगळ्यांचा हक्क मान्य करणारा उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

नीती म्हणजे कुणाला इजा न करणं, न्यायाने वागणं, असं आधुनिक शाळा शिकवते. पण सगळीकडे नीती तेवढ्यावर थांबत नाही. रिचर्ड श्वेडर आणि मनमोहन महापात्र यांनी सहकाऱ्यांसोबत भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लोकांना छोटे छोटे ३९ प्रसंग देऊन त्यांतलं काय चूक वाटतं ते विचारलं. निष्कर्ष १९८७मध्ये आले. एका प्रसंगात वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरला मुलगा केस कापून येतो आणि कोंबडी खातो. भुवनेश्वरच्या ब्राह्मण कुटुंबांना हा सगळ्यात गंभीर अपराधांपैकी एक वाटला; शिकागोकरांना त्यात चुकीचं काहीच दिसेना. सुतक पाळलेल्या कुठल्याही मराठी घराला भुवनेश्वरचं उत्तर समजेल. श्वेडर यांनी पुढे मांडलं की, स्वातंत्र्य, समूहाचं कर्तव्य आणि पावित्र्य अशा नीतीच्या निरनिराळ्या परी असतात. पुढे मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट भुवनेश्वरला येऊन राहिला आणि त्याच्या नीतीविषयीच्या गाजलेल्या मांडणीचा पाया तिथे पक्का झाला.

समूहाशी निष्ठा आणि पावित्र्य या भावना वाईट नाहीत. लोक त्यांच्यासाठी स्वतःचा स्वार्थ सोडतात, आजाऱ्याची सेवा करतात, घर धरून ठेवतात. पण पूर्वग्रहाला सगळ्यात टिकाऊ आसरा यांच्यातच मिळतो, हे स्पष्टपणे म्हणायला हवं. पावित्र्याला किळसेची जोड असते, आणि किळस पुराव्याला जुमानत नाही. पॉल रोझिन यांनी १९८६मध्ये हे दाखवलं: निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं, तर रस पूर्ण सुरक्षित आहे हे माहीत असूनही लोक तो पीत नाहीत. वस्तूचा वस्तूला एकदा स्पर्श झाला की काहीतरी कायमचं चिकटलं, असं मनाला वाटतं. स्वतंत्र कप ठेवणाऱ्या, कामवाल्या बाईंना वेगळ्या भांड्यात चहा देणाऱ्या घरांतली माणसं ‘स्वच्छतेसाठी’ असं सांगतात आणि त्यांना ते खरंही वाटत असतं. २०११-१२च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरी कुठल्या ना कुठल्या प्रकारे अस्पृश्यता पाळली जाते हे स्वतःहून कबूल केलं. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने ती रद्द करून तेव्हा साठ वर्षं उलटून गेली होती.

त्यामुळेच चांगुलपणा आणि भेदभाव एकाच मनात सुखाने नांदतात. प्यू संशोधन केंद्राने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात भारतभरातल्या सुमारे तीस हजार लोकांशी बोलणं झालं होतं. खरं भारतीय असायचं तर सगळ्या धर्मांचा आदर केला पाहिजे, असं ८४ टक्क्यांनी सांगितलं. त्याच सर्वेक्षणात ३६ टक्के हिंदूंनी मुसलमान शेजारी नको असंही सांगितलं. हे लोक खोटं बोलत नव्हते. आदर आणि अंतर यांत त्यांना विरोध वाटत नाही. मुंबई-पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्या मुसलमानाला किंवा दलिताला हा आदर चांगलाच ओळखीचा आहे: बोलणं गोड, आणि आडनाव कळल्यावर ‘आमच्याकडे शाकाहारीच लागतात’.

आडनावाने काय होतं हे मोजलंही गेलं आहे. मूळचे विदर्भातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी ऑक्टोबर २००५पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, अर्जावरचं नाव तेवढं वेगळं. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता ढोबळमानाने दोन तृतीयांश निघाली, मुसलमान नावाला एक तृतीयांश. हा अभ्यास २००७मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन दिल्लीतल्या २५ कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलले. जात बघता का, असं विचारल्यावर सगळे दुखावले. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि मुलाखतीत काय विचारता? घरचं वातावरण, वडील काय करतात, भावंडं कुठे असतात. गुणवत्तेवरची त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती. त्या श्रद्धेमुळेच, जो निवडला गेला नाही तो कमीच पडला असणार, हेही त्यांना पटत होतं. पूर्वग्रह झाकायला न्यायबुद्धी इतकी उपयोगी पडते.

ज्याच्याकडे सतत असं पाहिलं जातं, त्याचं काय होतं? कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे. ३२१ मुलं उच्च जातींची, ३२१ खालच्या मानल्या गेलेल्या जातींची. जात न पुकारता काम दिलं तेव्हा दोन्हींची कामगिरी सारखी होती. मग काही गटांत सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं, आजाचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचली. दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडी तीच. वर्गात जात उच्चारली गेली एवढंच काय ते घडलं होतं. आपल्या शाळांत शिष्यवृत्तीच्या याद्या अजूनही काही ठिकाणी वर्गात उभं करून वाचल्या जातात, आणि वाचणाऱ्या शिक्षकाला त्यात काही गैर वाटत नाही.

मग यावर उपाय काय? पूर्वग्रहांची जाणीव करून देणाऱ्या तासाभराच्या कार्यशाळा कंपन्यांत लोकप्रिय आहेत. त्यांचा टिकाऊ परिणाम फारसा दिसत नाही. जास्त भरवशाची वाट ऑलपोर्टने १९५४मध्येच सांगितली होती: वेगवेगळ्या गटांची माणसं बरोबरीच्या नात्याने, एका समान कामासाठी, वरच्यांच्या पाठिंब्याने एकत्र येत राहिली पाहिजेत. नुसतं शेजारी राहून भागत नाही. मॅथ्यू लो यांनी उत्तर प्रदेशात १,२६१ तरुण घेऊन हे क्रिकेटच्या मैदानावर तपासलं. काहींना महिनाभर चालणाऱ्या साखळी सामन्यांत खेळवलं. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र. मिश्र संघात एकत्र खेळलेल्यांच्या दुसऱ्या जातींत मैत्र्या वाढल्या, आपल्याच जातवाल्याला झुकतं माप देणं कमी झालं. पण ज्यांची दुसऱ्या जातींशी गाठ प्रतिस्पर्धी म्हणून पडली, त्यांच्यात दुरावा वाढला. दिल्लीच्या श्रीमंत शाळांना २००७पासून गरीब मुलांना जागा द्याव्या लागल्या, तेव्हा गौतम राव यांनी तिथल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं अधिक उदार झाली आणि संघ निवडताना, खेळायला बोलावताना भेदभाव कमी करू लागली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांबद्दल पालकांची जी कुरकुर चालते, तिच्यात स्वतःच्या मुलांचा हा लाभ कुणी धरत नाही.

महाराष्ट्राने असं काही मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं आहे. भिवंडीत १९७०ला आणि १९८४ला भीषण दंगली झाल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीवस्तीतले हिंदू आणि मुसलमान बरोबरीने सभासद, सोबत त्या भागाचा पोलीस. बैठका नियमित, दंगल नसतानाही. विषय बहुतेक वेळा गटार, पाणी, भांडणतंटा, मुलांची मारामारी असेच. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली. तिथून पन्नास किलोमीटरच्या आतल्या, दंगलींसाठीच कुप्रसिद्ध असलेल्या भिवंडीत तशी आग लागली नाही. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांची तुलना करून २००२मध्ये लिहिलेल्या पुस्तकात अशा संघटित, रोजच्या कामाच्या नात्यांना शांततेचं मुख्य कारण मानलं आहे. अफवा भिवंडीतही येत होत्या. फरक असा की, अफवा आली तेव्हा पलीकडच्या मोहल्ल्यात विचारायला ओळखीचा माणूस होता. १९९४पासून मुंबईतही मोहल्ला समितीची चळवळ उभी राहिली.

राईनपाड्याच्याच दिवशी, १ जुलैच्या रात्री, मालेगावात जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून घेरलं. त्यांच्यात एक लहान मूलही होतं. वस्तीतल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं आणि दार लावलं. पोलीस येईपर्यंत ते दार बंद राहिलं, आणि पाचही जण वाचले.